पडताना हत्यार टाकायचं

माझ्या आइस अॅक्सनं वहिनी रताळी उकरत होती.

येळवसेचा दिवस होता. मार्गशीर्षातली अवस. आमच्या धाराशिवकडं जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते: त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रान भरतं. ज्वारी छातीला लागते, हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट आंब चढलेली असते, कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव होऊन बसतात आणि घोंगडीत गुंडाळलेल्या मडक्यात आंबील गार होत असते. दरवर्षी मी पुण्याहून पहाटेची गाडी धरून फक्त या जेवणासाठी बेंबळीला येते. यंदाही आले. चपला काढून बांधावर टेकले, तर समोर हे.

"वन्सं, तुमची ही कुदळ लई बेस हाय बघा," वहिनी म्हणाली. "रताळ्याला जखम म्हणून होत न्हाय."

"कुदळ नाही ती, वहिनी."

"मग काय हाय?"

"आइस अॅक्स. बर्फावर चालायला लागते."

"व्हय व्हय, तेच की," म्हणत तिनं आणखी एक घाव घातला आणि मातीतनं लालबुंद रताळं वर काढलं.

काय बोलणार! दांड्यावर भावानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. खालचं टोक गंजलेलं, चोचीवर काळी माती वाळलेली. इतकी वर्षं ती पत्र्याच्या खोलीत पडून होती, कुणाच्या तरी उपयोगी पडतेय हे चांगलंच म्हणायचं. पण मला राग आला. माझा राग असाच आहे, बोलावल्याशिवाय येतो आणि जेवण झाल्याशिवाय जात नाही. मी ती वहिनीच्या हातून घेतली, बांधाच्या दगडावर आपटून माती झटकली, आणि धरताक्षणी माझा तळवा आपोआप अॅक्सच्या डोक्यावर गेला. चोच मागं, अंगठा पात्याखाली, टोक जमिनीकडं. एकदा शिकवलेलं माणसाचं अंग विसरत नाही. माझी सगळी तक्रार तीच आहे.

बेंबळीच्या पोरीला बर्फाचं वेड कुठून लागलं, हे आजवर ज्यानं त्यानं विचारलं. मला ठाऊक नाही. लागलं. आम्हाला माहीत असलेला बर्फ बाजारच्या दिवशी एसटीच्या टपावरून यायचा. धाराशिवच्या कारखान्यातली लादी, पोत्यात गुंडाळलेली, आत लाकडाचा भुसा. गाडी फाट्यावर येईपर्यंत निम्मी वितळलेली असायची आणि खिडकीपाशी बसलेल्यांच्या टोप्या टपटप भिजायच्या. त्यावरून कंडक्टरशी भांडणं व्हायची. मग ती लादी उतरायची, गोळेवाला ती रंध्यावर घासायला लागायचा, खर्र खर्र, आणि ओल्या भुशाचा, तागाचा, लाल-पिवळ्या गोड पाण्याचा मिळून एक वास सुटायचा. त्या वासालाच मी बर्फाचा वास समजत होते. पुढं खऱ्या बर्फावर गेले तेव्हा कळलं, त्याला वासच नसतो. पहिल्याच दिवशी कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं.

पण त्याआधी आबांचं सांगितलं पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस. खाली ओल, वर ऊन. काळी माती पायाला अशी धरते की चार पावलांत चपलेचा धोंडा होतो. मग बांधावर उभं राहायचं, खुरप्याच्या दांड्यानं माती ठोकून पाडायची आणि पुन्हा ओळीत शिरायचं. वाळलेल्या शेंगा अंगाला लागून खुळखुळ वाजायच्या. बोटांना त्या झाडाची बारीक लव टोचायची आणि संध्याकाळपर्यंत खाज जायची नाही. मी, माझा भाऊ, आई, आबा, सगळे वाकलेले, सगळ्यांच्या हातात इळे. आणि मधेच, काही कारण नसताना, आबा ओरडायचे, "पड!"

की आम्ही दोघा भावंडांनी हातातला इळा मोकळ्या बाजूला भिरकावायचा आणि दोन्ही तळवे उघडे ठेवून खाली बसकण मारायची. जो इळा धरून पडला त्याला त्या दिवशी काकडी नाही. शेंदाडही नाही. भाऊ लहान असताना रडायचा, मी कधी रडले नाही, कारण मी कधी चुकले नाही. आबा सगळ्या शिवाराला सांगायचे, "आमची बाई बघा, शब्द निघायच्या आदी हात मोकळा करतीय."

"पाय घसरला की आदी हत्यार टाकायचं, मग पडायचं," ते म्हणायचे. "नुसतं पडलेलं माणूस उठतंय. हत्यारावर पडलेलं उठत न्हाय."

आमच्याकडं हे घरोघर शिकवतात. ऊस तोडणाऱ्याला, जळण फोडणाऱ्याला, झाडावर चढून पाला पाडणाऱ्याला. आबांच्या धाकट्या भावाच्या, बापूकाकांच्या पोटावर एक आडवा व्रण होता. आंघोळीला बसले की दिसायचा. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आबा तेवढ्यापुरते तोंड फिरवून बसायचे.

तर अशा घरातली मी कॉलेजला असताना एक दिवस सांगत आले की मला हिमालयात गिर्यारोहणाच्या कोर्सला जायचंय. बर्फावर चालायचं शिकवतात, चांगला शेरा मिळाला तर पुढच्या, मोठ्या कोर्सला घेतात, आणि तो केला की खऱ्या शिखरांवर जाता येतं. मला तो मोठा कोर्स पाहिजे होता. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. आई म्हणाली, "खुळी का काय!" आबांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि विचारलं, "तितं हत्यार कोणतं असतंय?"

पुण्यातल्या गिर्यारोहणवाल्या एका दादाकडून मी जुनी आइस अॅक्स विकत आणली आणि क्रॅम्पॉन उसने आणले. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाला खालून बांधायचे लोखंडी दात. ते अंगणात ठेवले तेव्हा आई म्हणाली, "अगं, पायाला दाताळं बांधून कुठं चाललीस?" त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव दाताळं. आबांनी दोन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या, चोचीवरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "ना धड टिकाव, ना धड कुऱ्हाड. पर पोलाद चोख हाय."

आमच्या रानाच्या टोकाला मुरमाचं टेकाड आहे. रस्त्याला मुरूम नेऊन नेऊन त्याची एक बाजू तासल्यासारखी झालेली, उतार बरा, खाली सपाट. तिथं माझी तयारी सुरू झाली. सकाळचा मुरूम गार असतो, त्याला पाणी शिंपडलेल्या ओट्याचा वास येतो. मी दाताळं बांधून चढायचे. त्या दादानं सांगितलेलं घोकत: पाय फाकून टाकायचे, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात, बकल बाहेरच्या बाजूला, पट्ट्याची शेपटं खोचून, तळवा पूर्ण टेकवायचा, सगळे दात एकदम बसले पाहिजेत. आबा खाली उभे राहून तपासायचे. "डावा पाय तिरका पडायलाय!" बरोबर असायचं त्यांचं.

गावाला काय, फुकटचा तमाशा. जो येईल तो थांबायचा.

"काय हो आबा, औंदा सरकार बर्फ पाडणार हाय का?"

"पाऊस पडंना झालाय अन् ही बर्फाची तयारी करायली!"

पोरं मला बर्फी म्हणायला लागली. मी दगड उचलायचे. आबा मात्र शांतपणे सांगायचे, "हसा, हसा. आमची बाई हिमालयात जाणार हाय, तुमी बाजारलाच जा."

घसरणं थांबवायचा सराव दाताळं काढून करायचा असतो, नाहीतर दात कुठंतरी रुततात आणि पायच मोडतो. ते बरोबर केलं. आबांनी उताराच्या पायथ्याशी सोयाबीनचं भुसकट पसरून दिलं, खताचं रिकामं पोतं दिलं. मी पोत्यावर बसून सुटायचे. नियम असा की घसरायला लागलं की अॅक्स छातीशी आडवी घट्ट धरायची, एक हात डोक्यावर, दुसरा खालच्या टोकावर, पालथं व्हायचं आणि सगळं वजन टाकून चोच बर्फात घुसवायची. बस. मी सुटायचे, मुरूम खडखडत यायचा, धूळ नाकात जायची, आणि खालून आबांचा आवाज यायचा, "टाक! टाक!"

मी टाकायचे.

ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या. पोटची पोर लोखंड हातात घेऊन उतारावरून येतेय, तो बाप दुसरं काय ओरडणार? अॅक्स बाजूला उडायची, मी भुसकटात जाऊन रुतायचे, आबा धावत येऊन केसातलं भूस काढायचे आणि म्हणायचे, "बेस. कुटं लागलं न्हाय." मी म्हणायचे, मुरमावर चोच धरतच नाही, बर्फावर बरोबर धरेल. असा अख्खा उन्हाळा आम्ही दोघांनी मिळून, रोज सकाळी, मोठ्या निष्ठेनं चुकीचा सराव केला. आज आठवलं की हसावं का कपाळ बडवून घ्यावं कळत नाही.

कोर्सच्या ठिकाणी सगळं पांढरं. इतकं पांढरं की डोळ्यांना राग यावा. ओल्या लोकरी मोज्यांचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास तंबूत, बाहेर कशालाच वास नाही. सकाळी कडक झालेला बर्फ दाताळ्याखाली कर्रकर्र वाजायचा, दुपारी तोच लापशीसारखा मऊ. आम्हाला शिकवणारे उस्ताद तिथल्याच डोंगरातले, बुटके, चेहरा उन्हानं करपलेला, बोलणं मोजकं. पहिले दिवस माझे मजेत गेले. मऊ बर्फ दाताळ्याच्या दातांत अडकून गोळा होतो आणि मग पाय सरकतो. अॅक्सच्या दांड्यानं बुटाला ठोकून तो पाडायचा असतो. इतरांना हे सारखं सांगावं लागायचं. मला नाही. मी काळ्या रानातली. उस्तादांनी सगळ्यांना थांबवून माझ्याकडं बोट दाखवलं, "इसको देखो." मला वाटलं, झालं, शेरा खिशात आला.

मग घसरण थांबवायचा दिवस उजाडला. माझ्याबरोबर दोराला बांधलेली जोडीदारीण लता, हरियाणाची, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी. ती घसरली, वळली, चोच खचकन रुतवली आणि थांबली. माझी पाळी आली. मी घसरले आणि माझा हात उघडला.

अॅक्स मनगटाला पट्टीनं बांधलेली होती. ती सुटून पट्टीच्या टोकाला गरगर फिरली आणि माझ्या कानाजवळून गेली. मी उतार संपेपर्यंत खाली गेले. उस्ताद पळत आले. "छोड़ा क्यों?"

"छूट गया, सर."

"छूटा नहीं. तूने फेंका."

पुन्हा चढले. पुन्हा घसरले. पुन्हा हात उघडला. पाठीवर पडून, पोटावर पडून, डोकं खाली करून, सगळ्या तऱ्हांनी करून पाहिलं. मी स्वतःला बजावायचे, धर गं, धर, मेली तरी धर! आणि पाय सुटला की ही बोटं अशी मोकळी व्हायची, जणू माझी नव्हेतच. इतका संताप मला आयुष्यात कशाचा आला नाही. दुसऱ्यावर रागावता येतं, दोन शब्द सुनावता येतात. स्वतःच्या हाताला काय सुनावणार? मी दातांनी हातमोजा चावला होता, हे आठवतं.

उस्तादांनी उपाय केला. अॅक्स दिवसभर हातातून सोडायची नाही. चहा डाव्या हातानं, जेवण डाव्या हातानं. आई बघती तर म्हणाली असती, शिवा शिवा. त्यानं एवढं झालं की सांगून पाडलं तर मी धरायला लागले. चांगली धरायचे. लता टाळ्या वाजवायची. पण न सांगता पाडलं की हात उघडा. आणि डोंगर काही सांगून पाडत नाही, असं उस्तादांचं म्हणणं. ते खोटं कसं म्हणणार?

एका दुपारी त्यांनी मला दगडावर बसवून विचारलं, "हाथ क्यों खोलती है तू?" मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. इळा, सोयाबीन, "पड!", काकडी. त्यांनी ऐकून घेतलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "बाप को बोलना, ग्लेशियर पे खेती नहीं होती."

लताही एकदा म्हणाली. हसत नव्हती तेव्हा. "बुरा मत मान, पर तेरे साथ रस्सी बांधने में डर लगता है." बुरा मानायचा नाही म्हणे. ती घसरली तर मी तिला रोखीन, मी घसरले तर ती मला रोखेल, दोराचा अर्थ तेवढाच असतो. आणि माझ्या टोकाला हा उघडणारा हात. ती बोलली ते खरं होतं म्हणूनच मला ते अजून पचलेलं नाही.

शेवटच्या परीक्षेत उस्तादांनी मला बोलण्यात गुंतवलं, घरी कोण कोण आहे विचारलं, आणि मी "मां, बाबा, एक भाई" असं म्हणत असताना मागून ढकललं. पुढचं सांगायला नको. दाखला मिळाला, पण मोठ्या कोर्ससाठी शिफारस नाही. उस्ताद जाताना म्हणाले, सवय मोडून ये, मी इथंच आहे. चांगला माणूस होता. मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

परतीच्या प्रवासातलं मला काहीच आठवत नाही, फक्त खिडकीबाहेर हळूहळू रंग परत येत गेले ते आठवतं. बेंबळीच्या फाट्यावर आबा उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. ओळखीचे दोघंतिघं बरोबर आणलेले. "आली आली, बर्फावरनं आली!" मी खाली उतरले आणि आबांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन लगेच विचारलं, "काय मग? घेतलं का म्होरच्या कोर्सला?"

"न्हाय, आबा."

"कशापायी?"

"पडताना हत्यार सुटलं हातातनं. दरवेळी."

"कुणाला लागलं?"

"न्हाय."

"तुला?"

"न्हाय."

आबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. आजूबाजूच्यांकडं बघून ते म्हणाले, "मग बरोबर केलंस की, बाई! शाबास!"

मी भर फाट्यावर रडायला लागले. ओरडून ओरडून सांगितलं. तिथं उलटं असतं, आबा. तिथं हत्यार हेच थांबवतं. टाकलं की माणूस दरीत जातं, आणि दोराला बांधलेलं दुसरं माणूसही जातं. तुम्ही खालून टाक टाक म्हणत होता आणि मी टाकत होते, म्हणून माझा मोठा कोर्स गेला. आबा ऐकत राहिले. आलेली माणसं हळूच सटकली. घरी पोचेपर्यंत आबा पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अॅक्स जाग्यावर नाही. टेकाडावर गेले. आबा वर उभे, धोतराचा काचा मारलेला, खाली खताचं पोतं.

"आबा, काय करायलात? खाली या!"

"थांब. म्या बघतो काय अवघड हाय ते."

आणि सुटले. पिकल्या मिशांचा माझा बाप मुरमावरून धूळ उडवत खाली आला, आणि वळणावर पोतं कलंडलं तसा त्यांचा हात उघडला. अॅक्स लांब बाभळीच्या मुळाशी जाऊन पडली. आबा भुसकटात बसून आपल्या तळव्याकडं बघत राहिले. परत चढले. परत सुटले. परत तेच. मी नको नको म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते.

"ह्यो हात माजा हाय का आनी कुणाचा?" ते म्हणाले. "ऐकंनाच की गं!"

मला हसू फुटलं, मग त्यांनाही. पण त्यांचं लवकर थांबलं. म्हणाले, "म्या लावलेली सवय. म्याच मोडतो."

त्यानंतर आमच्या वेगळ्याच सकाळी सुरू झाल्या. आबा मला मागून ढकलणार आणि "धर!" म्हणून ओरडणार, असं ठरलं. आता गंमत बघा. ढकलायच्या आधी ते खाकरायचे. न खाकरता मुलीला उतारावर ढकलणं त्यांना जमेना. आणि खाकरलं की मला कळायचं, मी सावध व्हायचे, अॅक्स धरायचे. "आबा, खाकरू नका!" "न्हाय खाकरत." पुन्हा खाकरायचे. बरं, "धर" म्हणायला सांगितलेलं, तर मी घसरले रे घसरले की तोंडातून "टाक!" एकदा तर त्यांनी स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. मी वैतागायचे, ते वैतागायचे, दोघं न बोलता घरी यायचो आणि आई म्हणायची, "आज कोण जिंकलं?" त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. गार मुरूम, आबांची तंबाखू, बांधावरच्या बाभळीचा फुलोरा.

मग एका सकाळी ते खाकरले नाहीत. मी कशाबद्दल तरी कुरकुरत होते, आणि पाठीला त्यांचे दोन्ही हात लागले. मी गेले. मागून आवाज आला, "टा..." आणि मग, फाटल्यासारखा, "धर! धर!" तोवर माझा हात उघडून झाला होता. कोपर सोलपटलं. आबा घसरतच खाली आले. दगडीपाला तोडून हातावर चोळला, रस जखमेवर पिळला. मी म्हटलं, काही नाही झालं, आबा. ते माझ्याकडं न बघता पाला चोळत राहिले.

"बर्फातलं मला काय कळत न्हाय," ते म्हणाले. "पर तू जा परत. म्या शिकवलेलं इसर. समदं इसर, माय."

माझ्या बापानं आयुष्यात मला दिलेली ती एकच वस्तू होती, म्हणजे वस्तू म्हणता येईल अशी, जी त्यांनी त्यांच्या बापाकडून घेतली होती. ती त्यांनी त्या सकाळी परत मागितली. माझ्यासाठी मागितली.

परत जाणं झालं नाही. कारणं सांगत बसत नाही, सगळ्यांच्या घरी असतात तशीच होती. कोर्सला वयाची अट असते, ती केव्हाच मागं पडली. लता पुढं गेली, तिचे शिखरांवरचे फोटो फोनवर येतात. मी अंगठा पाठवते आणि फोन पालथा ठेवते. आबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

येळवसेचं जेवण झालं. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं पोटभर. भाऊ कोपीच्या सावलीत आडवा झाला, वहिनी भांडी घासायला बसली. मी अनवाणीच टेकाडावर जाऊन आले. निम्मं टेकाड आता उरलेलं नाही, रस्त्यात गेलं. वरून ज्वारीची रानं दिसतात, कोपीकोपीतून धूर निघताना दिसतो, कुणी कुणाला हाका मारत असतं. बराच वेळ उभी राहिले आणि उतरायला लागले. मधल्या घसरणीवर मुरूम पायाखालून सरकला. फार नाही, थोडाच. मी बसकण मारली.

हातात काहीच नव्हतं. तरी दोन्ही तळवे उघडले होते.

आबांचं मी आयुष्यभर ऐकलं. इसर म्हणाले होते, तेवढं एक नाही ऐकता आलं.